सबव्हर्जन: एका दप्तरातला इतिहास

एका प्रोग्रामवर वीस जण काम करत असतील, तर कोणी, कधी, काय बदलले याची नोंद कुठेतरी राहावीच लागते. १९९०च्या दशकात हे काम बहुतेक ठिकाणी सीव्हीएस नावाचे सॉफ्टवेअर करत असे. पण ते प्रत्येक फाइलचा इतिहास सुटा ठेवी. दहा फाइलींत मिळून केलेला एक बदल म्हणजे दहा वेगळ्या नोंदी. मध्येच नेटवर्क गेले, तर पाच फाइली नव्या आणि पाच जुन्या. फाइलचे नाव बदलले, की तिचा भूतकाळ जुन्या नावापाशीच अडकून पडे.

२००० साली कोलॅबनेट या अमेरिकी कंपनीने त्याची जागा घेणारी प्रणाली उभी करायचे ठरवले आणि सीव्हीएसवर पुस्तक लिहिलेल्या कार्ल फोगल यांना विचारले. त्यांचे मित्र जिम ब्लँडी यांच्या डोक्यात साठवणुकीचा आराखडा आधीपासून होता, ‘सबव्हर्जन’ हे नावही. ३१ ऑगस्ट २००१ रोजी या मंडळींनी सबव्हर्जनचा स्वतःचा कोड सीव्हीएसमधून काढून सबव्हर्जनच्याच हवाली केला. अर्धवट यंत्रावर आपलीच सगळी मेहनत सोपवायला धैर्य लागते, आणि त्यातूनच ते यंत्र भरवशाचे झाले असे मला वाटते. पहिली पूर्ण आवृत्ती फेब्रुवारी २००४मध्ये आली. २०१०पासून प्रकल्प अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आहे.

तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत प्रत्येक बदलाला पुढचा क्रमांक मिळतो आणि जुनी नोंद कोणी खोडत नाही. सबव्हर्जनची रिपॉझिटरी, म्हणजे सर्व्हरवरचा सगळा साठा, तशीच चालते. कमिट केले, म्हणजे बदल तिच्याकडे पाठवले, की सगळ्या फाइलींचा बदल एकत्र जातो, नाहीतर एकही जात नाही. गेला, तर संपूर्ण प्रकल्पाला एक नवा रिव्हिजन क्रमांक लागतो. ‘४२१७ला चालत होते, ४२१८ला बिघडले’ एवढे म्हटले की टीममधल्या प्रत्येकाला नेमकी जागा कळते.

नवखा माणूस घाबरतो तो बहुधा ‘वर्किंग कॉपी लॉक्ड’ या संदेशाने. वर्किंग कॉपी म्हणजे आपल्या मशीनवरची प्रत. सर्व्हरवरचे नवे बदल तिच्यात आणणारे अपडेट चालू असताना वीज गेली किंवा अँटिव्हायरसने फाइल धरून ठेवली, की अर्धवट कामाची खूण आपल्याच मशीनवर, डॉट-एसव्हीएन फोल्डरमधल्या डेटाबेसमध्ये राहते. सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. क्लीनअप ही आज्ञा चालवावी, ती राहिलेले काम पुरे करून कुलूप काढते. त्या फोल्डरमध्ये हाताने काही पुसू नये.

‘आउट ऑफ डेट’ हा संदेश जास्त चकवतो. कोणीच काही बदललेले नसते, फोल्डरमधली फाइल आपणच आत्ता कमिट केलेली असते, आणि तोच फोल्डर हटवायला गेले की नकार येतो. कारण असे, की कमिटनंतर नवा क्रमांक फक्त पाठवलेल्या फाइलला लागतो. तिच्याभोवतीचा फोल्डर आपल्या मशीनवर जुन्याच क्रमांकावर असतो. त्या फोल्डरात दुसऱ्या कोणी भर घातली असेल, तर ती न पाहताच हटवली जाऊ नये म्हणून सर्व्हर अडवतो. आधी अपडेट, मग हटवणे. ही अडवणूक मला योग्यच वाटते.

खरा कस लागतो तो कॉन्फ्लिक्टमध्ये. त्याच ओळी दोघांनी बदललेल्या असतात. सबव्हर्जन आपली प्रत, मूळ प्रत आणि सर्व्हरवरची प्रत अशा तिन्ही शेजारी ठेवते आणि थांबते. पुढचा निर्णय माणसाचा. ‘माझेच ठेव’ हा पर्याय एका क्लिकवर असतो आणि सहकाऱ्याचे दिवसभराचे काम त्यात नाहीसे होते. लॉगमध्ये नाव पाहून त्याला आधी विचारावे. तरीही चूक गेलीच, तर त्या क्रमांकाचा बदल उलटा मर्ज करून, म्हणजे मागे घेऊन, पुन्हा कमिट करता येते. चूक आणि दुरुस्ती दोन्ही इतिहासात राहतात.

रिपॉझिटरीच अडखळल्याचेही उदाहरण आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये संशोधकांनी एकच शा-१ ठसा (मजकुरावरून काढलेली ओळख) असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ जाहीर केल्या. वेबकिट या ब्राउझर-इंजिनाच्या प्रकल्पात त्या दोन्ही चाचणीसाठी कमिट झाल्या. सारख्या ठशाचा मजकूर सबव्हर्जन एकदाच साठवत असे, त्यामुळे तिने दोन्ही एकच मानल्या आणि वेबकिटच्या रिपॉझिटरीचे काम अडले. नंतरच्या आवृत्तीत ही त्रुटी दूर झाली.

२००५मध्ये आलेल्या गिट या दुसऱ्या प्रणालीने बहुतेक जग जिंकले, आणि शाखा-विलीनीकरणात ते सरस आहे हे मान्यच करायला हवे. तरी वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातली प्लगइन आजही सबव्हर्जनमधून प्रसिद्ध होतात. ज्या मोठ्या आराखड्यांच्या वा चित्रांच्या फाइलींत दोघांचे बदल एकत्र करताच येत नाहीत, तिथे एकाने लॉक घेऊन काम करण्याची तिची पद्धत मला आजही उत्तम वाटते.

मात्र सारा इतिहास एका सर्व्हरवर असतो, हा धोका विसरता येत नाही. तुमच्याकडे अशी रिपॉझिटरी असेल, तर हॉटकॉपी या आज्ञेने रोज बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर ठेवा, व्हेरिफायने तपासा, आणि त्यातून एकदा तरी चेकआउट करून, म्हणजे कामाची प्रत काढून, पाहा.