लॅमिनेटला बादली नको!

सोलापुरात फरशी धुणं म्हणजे बादलीभर पाणी ओतायचं आणि खराट्यानं ढकलायचं. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या फरशीला ते चालतं. तो चुनखडीचा दगड, पाण्यानं फुगत नाही. पण घरात लॅमिनेट असेल तर सांभाळा!

१९७७ साली स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीने शोधलेली ही फरशी दिसते लाकडी, पण वर असतो लाकडाची नक्षी छापलेला कागद, त्यावर मेलामाइन रेझिनचा कडक थर आणि खाली लाकडी तंतू दाबून केलेला बोर्ड. पाणी सांध्यांतून आत शिरतं. तंतू फुगतात, कडा उचलतात आणि वाळल्यावरही पूर्ववत बसत नाहीत. घासून पॉलिश करावं तर छापील कागदच निघून येईल!

म्हणून रोज मऊ झाडूने धूळ काढा, कारण त्यातली वाळू पॉलिश पेपरसारखी घासते. फडकं घट्ट पिळूनच पुसा. चहा सांडला तर लगेच टिपा. ॲसिड नको, ते तर शहाबादीलाही खातं. भिंतीलगतची ८-१० मिलिमीटर फट सिमेंटने बुजवू नका. दमट हवेत फरशी पसरते, ती जागा तिचीच आहे.

सुट्टीत घरी गेलात की एवढं नक्की सांगा. बादली अंगणासाठी ठेवा!