टीपकागदातून उतरलेली कॉफी

जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी मेलिटा बेंट्झ नामक गृहिणीने, पेल्यात उतरणाऱ्या गाळाला आणि कडवटपणाला कंटाळून, पितळी भांड्याच्या बुडाला भोके पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात अंथरला आणि १९०८ साली या तजविजीची रीतसर नोंद बर्लिनच्या शाही पेटंट दप्तरी करविली. शंकूच्या आकाराच्या गाळणीतून आज जी कॉफी उतरविली जाते, तिचे मूळ या साध्या, परंतु विलक्षण बुद्धिमान युक्तीत आहे.

मध्यम दळलेल्या १५ ग्रॅम पुडीस सुमारे २४० ग्रॅम पाणी, आणि तेही उकळी येऊन किंचित निवलेले, म्हणजे ९२ ते ९६ अंश सेल्सियसचे, असावे. प्रथम पुडीच्या दुपटीइतकेच पाणी सावकाश ओतून अर्धा मिनिट थांबावे. भाजलेल्या दाण्यांत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड या वेळी मुक्त होतो, पूड ताजी असल्यास घुमटासारखी फुगून येते आणि तिच्यावर बारीक बुडबुडे फुटत राहतात. हा वायू आधी निघून गेला नाही, तर तो पाण्यास कणांत नीट शिरू देत नाही, म्हणून ही अल्प प्रतीक्षा मला समग्र विधीत सर्वाधिक मोलाची वाटते.

उरलेले पाणी वर्तुळाकार, बारीक धारेने सोडावे. आम्ल द्रव्ये आधी विरघळतात, कडू द्रव्ये मागाहून. कागद तेल अडवितो आणि त्याबरोबर कोलेस्टेरॉल वाढविणारे कॅफेस्टॉलही. सारे पाणी सुमारे तीन मिनिटांत उतरावे. फार रेंगाळल्यास दळण जाडसर करावे.