शून्य आलं, पुढे काय?

टायरच्या दुकानात कॉम्प्रेसरच्या आसपास व्हील बॅलन्सिंगचं यंत्र उभं असतं. आडवा दांडा, चाकावर पडणारं झाकण आणि दोन आकडे दाखवणारा डिस्प्ले, एवढाच त्याचा पसारा. गाडीवरून उतरवलेलं चाक शंकूसारखा कोन घालून दांड्यावर चढवतात आणि नटाने आवळतात. मग यंत्राला तीन मापं द्यायची: रिमचं यंत्रापासूनचं अंतर, तिची रुंदी आणि व्यास. झाकण खाली आलं की चाक फिरू लागतं. दांड्याला बसणारे हिसके सेन्सर टिपतात आणि काही सेकंदांत आकडे उमटतात: आतल्या कडेला २०, बाहेरच्या कडेला ३५ ग्रॅम.

आकडे दोन, कारण चाक दोन तऱ्हांनी बिघडतं. जड जागा रुंदीच्या मधोमध असेल तर ते वरखाली उडतं. एक जड जागा आतल्या कडेला आणि दुसरी तिच्या बरोबर विरुद्ध अंगाला बाहेरच्या कडेला असेल, तर ते डुलतं.

एवढ्याशा ग्रॅमांनी काय बिघडतं? छोट्या मोटारीचं १४ इंची रिमचं चाक ताशी १०० किलोमीटर वेगाला सेकंदाला साधारण १५ फेऱ्या मारतं. कडेवरचे ३० ग्रॅम जास्तीचे असतील, तर त्या वेगाला ते चाकाला जवळपास ५ किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढतात. वेग निम्मा केला की जोर चौथाई होतो, म्हणजे ताशी ५० ला जेमतेम सव्वा किलो. म्हणूनच शहरात गुण्यागोविंदाने चालणारी गाडी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ८० च्या पुढे गेली की थरथरते.

उपाय साधा. हलक्या जागेवर वजन लावायचं. पत्र्याच्या रिमला हातोडीने ठोकायची क्लिप, अलॉयला आतून चिकटवायची पट्टी. पूर्वी ही वजनं शिशाची असत. युरोपीय संघाने २००५ पासून नव्या मोटारींत शिशाच्या वजनांना मज्जाव केला आणि जस्त, पोलाद पुढे आलं. रिम न पुसता चिकटवलेली पट्टी मात्र कशाचीही असो, निघून पडते.

वजनं लावून चाक पुन्हा फिरवलं की दोन्ही आकडे शून्य यायला हवेत. मुरलेला कारागीर मात्र शून्य दिसताच चाक उतरवत नाही. शंका आली तर तो नट सैल करतो, चाक दांड्यावर अर्धा फेरा वळवतो, पुन्हा आवळून फिरवतो. आता १५-२० ग्रॅम दिसले, तर चाक मुळात नीट बसलेलंच नव्हतं. मग मधल्या भोकाचा गंज ब्रशने घासायचा आणि पहिल्यापासून सुरुवात.

शून्याची खरी मर्यादा पुढे आहे. खड्ड्यात आपटून वाकलेल्या रिमलाही वजनं लावून शून्यावर आणता येतं. वजन जुळतं, गोलाई जुळत नाही. म्हणून चाक फिरताना नजर आकड्यावर नव्हे, रिमच्या कडेवर हवी. कड आतबाहेर होताना दिसली की रिम आउट. टायरच्या बगलेला फुगा असेल तर आतले धागे तुटलेत. तो टायर टाकूनच द्यायचा.

बाकीचं गाडीच सांगते. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर आधी पुढची चाकं बघायची, सीटखाली जाणवली तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरे बसत असतील तर संशय डिस्कवर. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर बहुधा बेअरिंगची. गाडी एका बाजूला खेचत असेल तर पहिल्यांदा हवा तपासायची, मग अलाइनमेंट, आणि एखादा ब्रेक धरून तर राहत नाही ना, तेही. टायर मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर कमी. पावसाळ्यात रिमच्या आत वाळलेला चिखलही बॅलन्स बिघडवतो. तिथे धुण्याचा खर्च पुरतो.

यातलं काहीच यंत्र विचारत नाही. ते समोरच्या चाकाचा तोल जोखतं आणि थांबतं. किती वेगाला, कुठे, ब्रेक दाबून की न दाबता, हे गाडी जॅकवर घेण्याआधी विचारणारा माणूस दुकानात असेल, तरच बॅलन्सिंगचे पैसे योग्य दुखण्यावर खर्च होतात.