कोंबडी मेली, तर लपवू नका

"मानमोडी आली" असे कुणी म्हटले की आपल्याकडे दोन अर्थ निघतात. एक, १९१८ सालची तापाची मोठी साथ; आजोबा-पणजोबांच्या तोंडून तिच्याबद्दल ऐकलेले असते. दुसरा, कोंबड्यांचा राणीखेत रोग. नाव एक, पण रोग अगदी निराळे. राणीखेत माणसाला फारसा बाधत नाही. फार तर डोळे चुरचुरतात. आज बोलायचे आहे ते तिसऱ्याच रोगाविषयी. तो कोंबड्यांचा खरा, पण माणसाच्या छातीत उतरू शकतो. त्याला बर्ड फ्लू म्हणतात.

हर्सूलच्या तलावावर पाणपक्षी उतरतात ते आपण पाहतोच. या रोगाचे विषाणू मुळात अशा पक्ष्यांत वावरतात, आणि पुष्कळदा त्यांना काही होतही नाही. काठावर मोकळ्या चरणाऱ्या कोंबडीने त्यांच्या विष्ठेत चोच घातली, की मग मात्र खुराडेच्या खुराडे आडवे होते. आपल्या देशात हा रोग कोंबड्यांत प्रथम सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तिथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावी सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे पटापट पडले. म्हणजे रोग आपल्या मराठवाड्यात येऊन गेला आहे.

नवापूरला माणसांना लागण झाल्याचे आढळले नाही. लागण होते क्वचितच, पण झाली तर ती फुप्फुसात खोल जाते. २००३ पासून जगात जेवढ्या रुग्णांची नोंद झाली, त्यातले निम्म्याच्या आसपास दगावले. भारतात २०२१ साली हरियाणातला एक मुलगा गेला. शिजवलेल्या कोंबडीने किंवा उकडलेल्या अंड्याने हे होत नाही. उष्णतेने विषाणू मरतो. धोका असतो तो आजारी कोंबडी कापताना, पिसे काढताना, वाळलेली विष्ठा झाडताना उडणाऱ्या धुळीत. ती धूळ श्वासाबरोबर आत जाते.

खरी अडचण पुढेच आहे. घरात दहा-बारा कोंबड्या असलेल्या बाईला त्या म्हणजे मीठ-मिरचीचा आधार. दोन मेल्या की ती गुपचूप नाल्यात टाकते, उरलेल्या बाजारात विकते. तिला दोष देणे सोपे आहे! कळवले तर सरकारी माणसे येऊन आसपासच्या सगळ्या कोंबड्या मारतील, शेजारणी बोलतील, ही तिची भीती खोटी नाही. पण एक गोष्ट तिला कुणी सांगत नाही. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या कोंबडीची. रोगाने आधीच मेलेलीची नाही. म्हणजे जितका उशीर, तितका तोटा तिचाच.

तेव्हा तुरा निळा पडला, डोके सुजले, अंडी एकदम बंद झाली किंवा एका रात्रीत चार-पाच कोंबड्या मेल्या, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप धाडा. लासोटा लस दिली आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती राणीखेतची आहे.

गुरुजींना एक विनंती. मेलेला कावळा दिसला की मुले काठीने ढोसतात, शेपटी धरून मिरवतात. त्यांना तेवढे आवरा.

आणि अशा घरात कुणाला ताप, खोकला, धाप लागली, तर डॉक्टरांना आधी सांगा की घरच्या कोंबड्या मेल्या होत्या. ते आपणहून विचारतीलच असे नाही.