सगळेच सातो

२५३१ साल उजाडेल तेव्हा जपानमधल्या प्रत्येक माणसाचं आडनाव ‘सातो’ असेल, असा हिशेब तोहोकू विद्यापीठाचे प्राध्यापक हिरोशी योशिदा यांनी २०२४ साली मांडला. बातमी जगभर फिरली आणि बहुतेकांनी ती गंमत म्हणून वाचून सोडून दिली. हिशेब मात्र चक्रवाढ व्याज शिकलेल्या कुठल्याही मुलाला तपासता येईल असा आहे.

२०२३ मध्ये जपानच्या लोकसंख्येत सातो १.५२९ टक्के होते. शंभरात जेमतेम दीड माणूस, तरी हे तिथलं सर्वांत मोठं आडनाव. आदल्या वर्षाच्या मानाने हे प्रमाण १.००८३ पट झालं होतं, म्हणजे वर्षाला ०.८३ टक्के वाढ. बचत खात्यावर कुणी इतकंच व्याज देऊ लागलं तर आपण खातं बंद करू. पण या दराने रक्कम ८४ वर्षांत दुप्पट होते आणि सहा वेळा दुप्पट झाली की ६४ पट. दीडाचे शंभर व्हायला साधारण तेवढंच लागतं. सहा चौऱ्याऐंशी ५०४. ही वर्षं २०२३ मध्ये मिळवली की आपण योशिदांच्या सालापाशी येऊन पोचतो.

एका वर्षाचा दर पाचशे वर्षं ताणणं हे संख्याशास्त्र कमी आणि चिमटा जास्त, हे उघड आहे. योशिदांना तो चिमटाच काढायचा होता. जपानी दिवाणी कायद्याच्या ७५०व्या कलमानुसार लग्न करताना नवरा-बायकोला एकच आडनाव निवडावं लागतं. कुणाचं, ते कायदा सांगत नाही. प्रत्यक्षात सुमारे ९५ टक्के जोडपी नवऱ्याचं घेतात. या सक्तीविरुद्ध बायका कोर्टात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये कलम वैध ठरवलं. दोघांना आपापलं आडनाव ठेवू दिलं तर २५३१ मध्ये सातोंचं प्रमाण ८ टक्क्यांच्या आतच राहील, असंही याच हिशेबात आहे. शंभर टक्के आणि आठ टक्के यांच्यातलं अंतर एका कलमाचं.

पण कायदा बाजूला ठेवला तरी आडनावं मरतातच. आणि ती मरायला दुष्काळ, युद्ध, साथ यांतलं काहीही लागत नाही.

हा प्रश्न पहिल्यांदा गाजला तो १८७३ साली इंग्लंडमध्ये. चार्ल्स डार्विनचा नातलग फ्रान्सिस गॉल्टन याने ‘एज्युकेशनल टाइम्स’ या नियतकालिकात वाचकांसाठी एक गणित घातलं. एका मोठ्या राष्ट्रात प्रत्येक प्रौढ पुरुषाचं आडनाव वेगळं आहे. दर पिढीत काहींना मुलगा होत नाही, काहींना एक, काहींना दोन, असं पाचापर्यंत. ठरावीक पिढ्यांनंतर किती आडनावं संपतील? उत्तराला हात घातला हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञाने, आणि १८७४ मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. पद्धत बरोबर, निष्कर्ष चूक. लोकसंख्या वाढती असली तरी शेवटी प्रत्येक आडनाव संपणारच, असं वॉटसन म्हणाला. खरं उत्तर बिएनेमे नावाच्या फ्रेंच माणसाने १८४५ मध्येच देऊन ठेवलं होतं, पण ते विस्मरणात गेलं आणि १९७० च्या दशकात पुन्हा सापडलं. मधल्या काळात हेच गणित अणुबॉम्बच्या साखळी प्रक्रियेसाठी वापरून झालं होतं. एका न्यूट्रॉनपासून किती न्यूट्रॉन होतात आणि एका बापापासून किती मुलगे, यात कागदावर फरक नाही.

आपण ते आपल्या ओळखीच्या आकड्यांवर करून बघू. ‘हम दो, हमारे दो’ अगदी काटेकोर पाळणारं एक राज्य घ्या. प्रत्येक जोडप्याला दोनच मुलं, मुलगा-मुलगी होण्याची शक्यता निम्मी-निम्मी, आडनाव मुलग्याकडून पुढे. लोकसंख्या ना वाढते ना घटते. सुरुवातीला १००० पुरुष, प्रत्येकाचं आडनाव वेगळं.

चौथाई घरांत दोन्ही मुलीच होणार. म्हणून पहिल्याच पिढीत २५० आडनावं जातात. कुणी मेलं नाही, कुणी निपुत्रिक राहिलं नाही, घरोघर नातवंडं खेळताहेत, आणि हजारातली २५० आडनावं संपली. दुसऱ्या पिढीअखेर ३९० गेलेली असतात, पाचवीअखेर ६००. दहाव्या पिढीला, म्हणजे अडीचशे-तीनशे वर्षांत, ७४१. विसाव्या पिढीला ८४६. माणसं अजूनही तितकीच आहेत. ती आता १५४ आडनावांत वाटली गेली आहेत. उरलेल्यांचा दोष नाही आणि गेलेल्यांचाही नाही.

लोकसंख्या वाढत असली तर? आल्फ्रेड लोटका याने १९३१ मध्ये अमेरिकेतल्या गोऱ्या पुरुषांच्या १९२० च्या आकड्यांवर हिशेब केला. तिथे बापामागे सरासरी सव्वा मुलगा होता, वंश फोफावत होता. तरीही एका माणसापासून सुरू झालेलं आडनाव कधीतरी नष्ट होण्याची शक्यता निघाली ०.८१९. वाढत्या देशात शंभरातली ८२ घराणी नावापुरतीही उरणार नाहीत.

आता याची दुसरी बाजू, आणि माझी मती खरी गुंग होते ती इथे. आपल्या दोन मुलांच्या राज्यात एका आडनावाचे एक नव्हे, दहा पुरुष असतील, तर दहा पिढ्यांत ते संपण्याची शक्यता ७४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येते. शंभर पुरुष असतील तर ती सुमारे दहा लाख कोटींत एक इतकी उरते. म्हणजे ‘दुर्मीळ’ आणि ‘अमर’ यांच्यामध्ये फार मोठी दरी नाही. एका वाडीतली दोन-चार भावकीची घरं एवढंच ते अंतर आहे.

या गणिताला वेळ दिला की काय होतं, ते चीनमध्ये दिसतं. तिथे आडनाव बापाकडून मुलाकडे जाण्याची रीत सर्वसामान्यांतही दोन हजार वर्षांपेक्षा जुनी. चिनी इतिहासात नोंदली गेलेली आडनावं तेवीस हजारांवर भरतात. आज वापरात सहा हजारांच्या आसपास. सरकारी नोंदींप्रमाणे २०२० मध्ये ‘वांग’ आडनावाची माणसं १०.१५ कोटी होती आणि ‘ली’ १०.०९ कोटी. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११.२४ कोटी होती. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळं राज्य एकाच आडनावाचं, अशी कल्पना केली की वांग मंडळींचा अंदाज येतो. वांग, ली, झांग, लिऊ, चेन या पाच आडनावांतच देशातली ३० टक्क्यांहून जास्त माणसं सामावतात.

कोरियाचं कारण निराळं. तिथल्या सामान्य रयतेला आडनाव उशिरा मिळालं, बऱ्याच जणांना तर विसाव्या शतकाच्या तोंडावर नोंदणी झाली तेव्हा. मिळालं तेव्हा बहुतेकांनी राजघराण्यांची आणि उमरावांची वजनदार नावं उचलली. २०१५ च्या जनगणनेत दक्षिण कोरियात ‘किम’ १ कोटी ६ लाखांवर होते, दर पाच माणसांत एकाहून जास्त. व्हिएतनाममध्ये ‘न्गुयेन’ दर पाचांत जवळजवळ दोघे.

आणि जपान? चीनच्या एक दशांशाहून कमी लोकसंख्या, पण आडनावं लाखाच्या वर. उच्चार आणि लेखनातले फरक वेगळे धरले तर तीन लाखांपर्यंत. कारण साधं आहे: जपानी आडनावं सगळ्यांना मिळून फार दिवस झालेले नाहीत. मेजी राजवटीआधी सामान्य माणसाला आडनाव उघडपणे मिरवायची मुभा नव्हती. १८७० मध्ये परवानगी मिळाली. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, तेव्हा १३ फेब्रुवारी १८७५ रोजी सक्ती झाली. गॉल्टन इंग्लंडमध्ये काल्पनिक राष्ट्राचं गणित घालत होता, त्याच सुमारास जपानमध्ये लाखो कुटुंबं खरोखरच आडनावाच्या पहिल्या पिढीत पाऊल टाकत होती. त्याला दीडशे वर्षं झाली. पाच-सहा पिढ्या. चाळणी नुकती हलू लागली आहे.

चाळणीतून जे पडणार आहे ते पाहिलं की हळहळ वाटते. मोठी आडनावं बहुधा जमिनीवरून आलेली: तानाका म्हणजे भातखाचराच्या मधला, यामामोतो म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा. दुर्मीळ आडनावांत मात्र माणसांनी कोडी घालून ठेवली आहेत. एक आडनाव लिहितात ‘चिमणी पाखरं खेळतात’ असं आणि वाचतात ‘ताकानाशी’, म्हणजे ससाणा नाही. ससाणा नसला तरच पाखरं निर्धास्त खेळणार ना? दुसरं लिहिलं जातं ‘चौथ्या महिन्याचा पहिला दिवस’ असं, पण म्हणायचं ‘वातानुकी’, कापूस काढणे. कारण हिवाळी कपड्यांतलं कापसाचं अस्तर त्या दिवशी काढायचं. तिसरं तर नुसता दहाचा आकडा. जपानीत एक ते नऊ वस्तू मोजताना प्रत्येक अंकाच्या शेवटी ‘त्सु’ येतो, दहाला येत नाही, म्हणून दहाचा उच्चार ‘त्सुनाशी’, त्सु नसलेला. असली घराणी मूठभर. गणिताच्या भाषेत ती दहा पुरुषांच्या अलीकडची, आणि त्यांच्या मुली लग्न करून सातो नि सुझुकी होताहेत.

गणिताला चकवायची एक जुनी युक्ती जपानला ठाऊक आहे: जावई दत्तक घेणे. मुलगा नसला की जावयाने सासऱ्याचं आडनाव लावायचं. आपल्या रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांशी ज्यांचा संबंध होता ते ओसामु सुझुकी जन्माने मात्सुदा होते. सुझुकी घराण्यात लग्न केलं, दत्तक गेले आणि कंपनी चालवली. योगायोग असा की, या युक्तीने वाचलेलं आडनाव सातोच्या खालोखाल देशात दुसरं मोठं. त्याला मदतीची काडीमात्र गरज नव्हती.

दत्तकाची युक्ती आपल्याला शिकवायला नको. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि भोसले कुळातले शाहू महाराज झाले. त्याआधी डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यंच्या राज्यं खालसा केली, साताऱ्यापासून नागपूरपर्यंत. निसर्गनियमाने दर चौथ्या-पाचव्या घरी कधी ना कधी औरस मुलगा नसणारच, हे त्याला कुणी गणिताने सांगायची गरज नव्हती. ईस्ट इंडिया कंपनी नुसती वाट पाहत बसली तरी चालण्यासारखं होतं.

मराठी आडनावांची टांकसाळ मात्र जगात उठून दिसेल अशी होती. गावाच्या नावाला ‘कर’ लावला की आडनाव तयार. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात वस्तीची गावं ४०,९५९ होती. हजारो आडनावं नुसत्या एका प्रत्ययातून पडू शकतात, वाड्या-पाड्या धरल्याच नाहीत. याच्या उलट पाटील, कुलकर्णी, देशमुख. ही हुद्द्यांची नावं, हजारो गावांत एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेल्या घरांना एकदमच मिळालेली. आपले किम आणि वांग तेच. त्यांची काळजी करायचं कारण नाही. लहानशा गावाचं नाव लावणारी, दोन-तीन घरांची ‘कर’ मंडळी ही आपली ताकानाशी.

यात एक कहाणी कोकणची आहे. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली ज्यू, शनिवारी तेल न गाळणारे म्हणून शनवार तेली म्हणवले गेलेले, गावांवरूनच ओळखले जात: किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर किहीमचंच नाव लावत. १९५१ मध्ये भारतात सर्व मिळून २६ हजारांच्या आसपास ज्यू होते. २०११ मध्ये साडेचार हजारांच्या थोडे पुढे. बहुतेक इस्रायलला गेले. आडनाव गेलं, गाव राहिलं.

आता आपल्याकडे नेमकी किती आडनावं आहेत आणि किती एका घरापुरती उरली आहेत? आपली जनगणना आडनावांचा तक्ता काढत नाही. अमेरिकेची काढते. तिथल्या २००० च्या जनगणनेत साठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावं निघाली आणि त्यांतली सुमारे चाळीस लाख एकेका माणसाचीच होती. काही लिहिणाऱ्याच्या चुका, बाकीची खरोखर एकाकी. कुणाची ओळख उघडी पडू नये म्हणून तिथे शंभर किंवा अधिक माणसांचीच आडनावं नावानिशी छापतात. त्याखालच्यांची फक्त संख्या.

भारताची पुढची जनगणना २०२७ ची, आणि ती पहिली डिजिटल. घरोघरच्या माणसांची नावं या वेळी यंत्रातच उतरणार आहेत. त्यातून अमेरिकेसारखा तक्ता काढणं ही आता खर्चाची बाब नाही, इच्छेची आहे. तो जनगणना खात्याने काढावा. आणि घरात दोन्ही मुलीच असतील त्या वाचकांना एवढंच सांगतो की, लग्नानंतर आडनाव बदलण्याची सक्ती करणारा जपानसारखा कायदा भारतात नाही.