संहितेवाचून उभा राहणारा प्रवेश

पारंपरिक दशावताराला संहिता नसते. सिंधुदुर्गातल्या जत्रेत रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो, राजे, राण्या, ऋषी, राक्षस तासन्‌तास बोलतात, आणि त्यांचे संवाद कुणी लिहून दिलेले नसतात! नट आपापल्या ट्रंकेसमोर बसून तोंड रंगवत असताना आख्यान ठरतं. कोण कधी येणार, कुणाची लढाई कुणाशी, शेवटी जिंकणार कोण, एवढंच. बाकी सगळं रंगमंचावर, समोरच्याचं ऐकता ऐकता.

हे जमतं कसं? शेवट समोरासमोरच्या दोघा नटांना ठाऊक असतो, वाट कुणालाच नाही. शिवाय प्रत्येकाने सांभाळायचं असतं फक्त आपल्या पात्राचं मागणं. समजा, राक्षस म्हणाला, ‘तुझा पती रणात पडला.’ राणी रडेल, पुरावा मागेल, नाहीतर तोंडावर हसेल. पण ते वाक्य बोललंच गेलं नाही असं तिला वागता येत नाही. मला सगळ्यात थक्क करते ती हीच शिस्त. तमाशातली बतावणी याच जातीची. मावळातल्या इंदोरीचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’ हा वग गाजवून गेले ते अशाच हजरजबाबीपणावर.

ही रीत फक्त आपल्याकडची नाही. इटलीत फ्लामिनिओ स्काला याने 1611 साली 50 खेळांचे नुसते आराखडे छापले, संवाद नटांवर सोडून. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन यांनी असा उत्स्फूर्त अभिनय शिकवण्यासाठी छोटे खेळ रचले. त्या खेळांचं त्यांचं पुस्तक 1963 साली आलं.

लिहिणाऱ्यांनी हा बिनसंहितेचा खेळ वहीवर जरूर करून पाहावा. माणसं दोन, वही एक. जागा पुण्याजवळचं महाळुंगे: मुळा नदीकाठचं उरलंसुरलं शेत, पलीकडे टॉवर. पात्रं आत्या आणि भाचा, प्रत्येकाच्या हाती आपल्या पात्राच्या मागण्याची चिठ्ठी. भाच्याच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं, ‘हक्कसोडपत्रावर सही हवी.’ आत्याच्या चिठ्ठीत, ‘सातबाऱ्यावरचं नाव सोडायचं नाही.’ चिठ्ठ्या एकमेकांना दाखवायच्या नाहीत. आळीपाळीने एकेक वाक्य लिहायचं.

‘आत्या, आधी चहा घे.’

‘चहा राहू दे. पेन आणलंयस का?’

भाचा लिहिणाऱ्याने पानभर ख्यालीखुशाली योजून ठेवली होती, ती इथे एका फटक्यात गेली. आता त्याला खरं बोलावं लागेल, नाहीतर खोटं.

‘कसलं पेन?’

‘खिशाला दिसतंय, बाळा.’

आत्या लिहिणाऱ्याला सहीचं काहीच माहीत नव्हतं. चहाच्या आग्रहाचा वास तेवढा आला, आणि पेन अचानक जन्माला आलं. एकट्याने लिहिताना ते सुचणं अवघड, कारण तिथे आत्याच्या तोंडूनही आपणच बोलत असतो आणि भाच्याचा बेत तिला आधीच फितूर झालेला असतो.

पान भरलं की चिठ्ठ्या बदलून तोच प्रवेश पुन्हा लिहायचा. नवी आत्या पेनाबद्दल विचारेलच असं नाही. कदाचित ती चहा घेईल, आणि दुसरा कपही मागेल.