स्वयंपाकाचे इंधन : अन्नखर्चातील दुर्लक्षित घटक

बीजसंज्ञा : घरगुती स्वयंपाक, इंधनखर्च, औष्णिक कार्यक्षमता, अप्रकट उष्मा, डाळी व कडधान्ये, प्रथिने.

प्रस्तावना :

कुटुंबाच्या अन्नखर्चाचा विचार करताना सामान्यतः धान्य, डाळी, तेल, भाजीपाला व दूध यांच्या बाजारभावांचाच विचार केला जातो. परंतु बाजारातून आणलेली तूरडाळ हे अजून अन्न नव्हे. ती शिजल्यानंतरच अन्न ठरते. डाळीच्या किमतीत ती शिजविण्यासाठी जाळलेल्या इंधनाची किंमत मिळविल्याशिवाय ताटातील वरणाची खरी किंमत कळत नाही. आकडेवारीच्या मांडणीतही ही फारकत दिसून येते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळातील कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबांच्या खर्चापैकी सुमारे ४६ टक्के, तर शहरी कुटुंबांच्या खर्चापैकी सुमारे ३९ टक्के वाटा अन्नाचा होता. या पाहणीत स्वयंपाकाचे इंधन मात्र अन्नेतर खर्चात मोडते. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेतही 'अन्न व पेये' आणि 'इंधन व प्रकाश' हे दोन स्वतंत्र गट असून त्यांचे भार अनुक्रमे ४५.८६ व ६.८४ होते. गणनेच्या सोयीसाठी हे वर्गीकरण योग्यच आहे. पण स्वयंपाकघरात हे दोन खर्च एकाच पातेल्यात एकत्र येतात.

अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ हिशोबाचा नाही. गॅस संपत आला म्हणजे प्रथम बाजूला पडतात ती शिजायला वेळ लागणारी कडधान्ये, म्हणजेच आहारातील स्वस्त प्रथिनांचा स्रोत. प्रस्तुत लेखात स्वयंपाकातील उष्णतेचा व्यय कोठे होतो, शेगडी व इंधन यांमुळे काय फरक पडतो आणि मराठी स्वयंपाकातील कोणत्या पद्धती इंधनाच्या दृष्टीने किफायतशीर आहेत, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

उष्णता कोठे जाते?

एक लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यासाठी सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. तेच एक लिटर उकळते पाणी पूर्णपणे वाफ होऊन उडून जाण्यासाठी सुमारे २२६० किलोज्यूल, म्हणजे सातपटीहून अधिक उष्णता लागते. यालाच बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतात. महत्त्वाची गोष्ट अशी, की ही उष्णता शोषली जात असताना पाण्याचे तापमान मुळीच वाढत नाही. आधण आल्यानंतर आच मोठी ठेवली काय किंवा मंद ठेवली काय, उघड्या पातेल्यातील पाणी सुमारे १०० अंशांवरच राहते व त्यातील डाळ दोन्ही वेळा जवळजवळ सारख्याच वेगाने शिजते. मोठ्या आचेने वाढतो तो केवळ वाफ होण्याचा वेग.

याचा पैशांतील अर्थ पाहणे उद्बोधक ठरेल. एक किलो एलपीजीपासून सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. भारतीय मानकानुसार घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. म्हणजे एक किलो गॅसमधून सुमारे ३१ मेगाज्यूल उष्णता प्रत्यक्ष भांड्याला मिळते. या हिशोबाने एक लिटर पाण्याला आधण आणण्यासाठी सुमारे १० ग्रॅम गॅस पुरतो. परंतु अर्धा लिटर पाणी वाफेच्या रूपाने दवडण्यासाठी सुमारे ३६ ग्रॅम गॅस लागतो. दररोज उघड्या भांड्यांतून अर्धा लिटर पाणी अनावश्यकपणे उडून जात असेल, तर वर्षाकाठी सुमारे १३ किलो गॅस त्यासाठी खर्ची पडतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. याचा अर्थ, झाकण न ठेवण्याची व आच कमी न करण्याची सवय वर्षाला जवळजवळ एक सिलिंडर खाऊन टाकते.

भांड्याच्या बुडाबाहेर पसरणारी ज्योत, काजळी धरणारा व पिवळ्या ज्योतीने जळणारा बर्नर, वाऱ्याच्या झोतात ठेवलेली शेगडी ही उष्णता वाया जाण्याची इतर कारणे होत. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना १९७८ पासून इंधनबचतीच्या प्रसाराचे कार्य करीत आहे. झाकण ठेवणे, आच कमी करणे, बर्नर स्वच्छ ठेवणे या तिच्या सूचना परिचित आहेत. मात्र त्यांमागील कारण सांगितले गेले नाही, तर त्या केवळ उपदेश ठरतात.

शेगडी आणि इंधन :

पारंपरिक तीन दगडांच्या चुलीची कार्यक्षमता साधारणपणे १० ते १५ टक्के असते. वाळलेल्या एक किलो लाकडातील सुमारे १६ मेगाज्यूल उष्णतेपैकी जेमतेम दोन मेगाज्यूल भांड्यापर्यंत पोहोचते. म्हणजे एक किलो गॅसचे काम करण्यासाठी सुमारे १५ किलो सरपण जाळावे लागते. सरपण 'फुकट' मिळते असे म्हटले जाते, तेव्हा ते गोळा करणाऱ्या स्त्रीचे श्रम आणि धुरामुळे होणारी तिच्या डोळ्यांची व फुप्फुसांची हानी यांची किंमत शून्य धरलेली असते. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेतून १० कोटींहून अधिक गॅसजोडण्या देण्यात आल्या. तथापि जोडणी मिळणे आणि सिलिंडर नियमितपणे भरून घेणे परवडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अनेक घरांत गॅस आणि चूल दोन्ही चालू राहतात. चहा व भाजी गॅसवर आणि वेळ घेणारी डाळ, आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी विभागणी होते. डाळ लवकर शिजली, तर धुराचा काळही कमी होतो.

शहरांत इंडक्शन शेगडीचा वापर वाढत आहे. तिची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास एक लिटर पाण्याला आधण आणण्यास सुमारे ०.१ युनिट वीज लागते. विजेचा दर उदाहरणादाखल प्रतियुनिट ८ रुपये धरला, तर हा खर्च सुमारे ८० पैसे येतो. सिलिंडरची किंमत ८५० रुपये धरल्यास एक ग्रॅम गॅस सुमारे ६ पैशांना पडतो व तेच काम ६० पैशांत होते. विजेचे दर वापराच्या टप्प्यांनुसार वाढतात व सिलिंडरचे दरही बदलतात, त्यामुळे कोणती शेगडी स्वस्त याचे उत्तर घराघरांत वेगळे येईल. मात्र दोन्ही शेगड्यांमधील या फरकापेक्षा झाकण ठेवणे व न ठेवणे यांतील फरक मोठा आहे, हे वरील गणितावरून स्पष्ट होते.

डाळी व कडधान्ये शिजण्याची प्रक्रिया :

डाळी व कडधान्यांत साधारणपणे २० ते २५ टक्के प्रथिने असतात. ज्वारी, तांदूळ, गहू यांच्या प्रथिनांत लायसिन या अमिनो आम्लाची उणीव असते व ती डाळींमुळे भरून निघते. डाळींतील मेथिओनिनची उणीव धान्ये भरून काढतात. वरण-भात, भाकरी-उसळ, खिचडी या जोड्यांचे पोषणदृष्ट्या महत्त्व यातच आहे.

कडधान्य शिजते म्हणजे त्यातील स्टार्च पाणी शोषून फुगतो व पेशींना परस्परांशी जोडणारे पेक्टिन विरघळते. यासाठी उष्णतेइतकीच पाण्याची आवश्यकता असते. कोरडे कडधान्य थेट शेगडीवर ठेवल्यास पाणी दाण्याच्या आत मुरेपर्यंत इंधन जळत राहते. रात्रभर भिजत घातल्यास हेच काम विनाखर्च होते. बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियम पेक्टिनशी संयोग पावून दाणा कठीण ठेवते. त्यामुळे एकाच वाणाची डाळ एका गावात लवकर, तर दुसऱ्या गावात उशिरा शिजल्याचा अनुभव येतो. दमट व उष्ण जागी दीर्घकाळ साठविलेली कडधान्येही चिवट होतात. चिंच, आमसूल, टोमॅटो यांसारखे आंबट पदार्थ डाळ शिजण्यापूर्वी घातल्यास ती मऊ होण्यास विलंब लागतो. आमटीत चिंचेचा कोळ मागाहून घालण्याची रीत म्हणूनच शास्त्रशुद्ध आहे. खाण्याच्या सोड्याने डाळ लवकर शिजते खरी, परंतु थायमिन या जीवनसत्त्वाचा नाश होतो.

प्रेशर कुकरमध्ये वातावरणापेक्षा अधिक दाब निर्माण होऊन पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते व शिजण्याचा काळ बराच कमी होतो. तथापि कुकरची शिटी हे शिजण्याचे माप नव्हे. ती अतिरिक्त वाफ, म्हणजेच अतिरिक्त उष्णता, बाहेर पडल्याची खूण आहे. पहिल्या शिटीनंतर गॅस बारीक करून मिनिटे मोजणे आणि प्रेशर आपोआप उतरू देणे यांत इंधनाची बचत आहे. वरण, भात व बटाटे यांचे डबे एकावर एक ठेवून 'कुकर लावण्याची' मराठी घरांतील पद्धत म्हणजे एकाच वाफेवर तीन पदार्थ शिजविण्याची उत्तम योजना होय.

मराठी स्वयंपाकातील किफायतशीर परंपरा :

इंधनाच्या दृष्टीने पाहिल्यास आपल्या स्वयंपाकातील अनेक पदार्थांचा वेगळा अर्थ लागतो. पिठले हे याचे उत्तम उदाहरण. हरभऱ्याची डाळ अखंड शिजविण्यास बराच वेळ लागतो; तीच दळून बेसन केल्यावर दहा-बारा मिनिटांत शिजते, कारण बारीक कणांत पाणी व उष्णता त्वरित पोहोचते. कोकणातील कुळथाचे पिठले हेही याच तत्त्वावर आधारलेले आहे. कुळीथ हे शिजण्यास कठीण कडधान्य, पण भाजून-भरडून पीठ केल्यावर ते झटपट शिजते. १९९५ मध्ये महाराष्ट्र शासनाने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना सुरू केली होती. त्या ताटातील प्रथिनांचा मुख्य भारही बेसनावरच होता.

थालीपिठाची भाजणी, मेतकूट व सातूचे पीठ हा दुसरा गट. यांत धान्ये व डाळी एकदाच मोठ्या प्रमाणात भाजून ठेवल्या जातात. मऊ भातावर मेतकूट घातले, की स्वतंत्र डाळ न शिजविताही धान्य व डाळ यांची जोडी साधते. सातूच्या पिठाला तर पुन्हा विस्तवाची गरजच नसते. मटकी, मूग यांना मोड आणणे हा तिसरा मार्ग. मोड आल्याने दाणा लवकर शिजतो, लोहाच्या शोषणात अडथळा आणणारे फायटेट कमी होते आणि क जीवनसत्त्व वाढते. जुन्या चुलीला शेजारी 'वैल' असे. मुख्य चुलीतून निसटणाऱ्या उष्णतेवर तेथे आमटी वा दूध गरम राही. उष्णता वाया जाऊ न देण्याची ही जाण चुलीच्या रचनेतच होती.

आधुनिक काळात हेच तत्त्व निरनिराळ्या साधनांत आले. डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये बंगालमध्ये इकमिक कुकर तयार केला. त्यात थोड्या कोळशावर, वाफेने, एकावर एक ठेवलेल्या डब्यांत पूर्ण जेवण शिजत असे. पुण्याच्या 'आरती', अर्थात समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेल्या 'सराई' कुकरमध्ये शेतातील काडीकचऱ्यापासून बनविलेल्या सुमारे १०० ते १५० ग्रॅम कांडी कोळशावर कुटुंबाचे जेवण होऊ शकते.

याहूनही सोपा उपाय म्हणजे उष्णतारोधक पेटी. उकळी आलेले, घट्ट झाकलेले पातेले गवत, भुसा किंवा जुन्या गोधड्यांनी भरलेल्या पेटीत ठेवल्यास भात व भिजविलेली मूगडाळ साठलेल्या उष्णतेवरच शिजते. येथे दोन पथ्ये मात्र पाळावयास हवीत. राजमा पेटीत ठेवण्यापूर्वी किमान दहा मिनिटे खळखळून उकळलाच पाहिजे, अन्यथा त्यातील लेक्टिन या विषारी घटकाचा नाश होत नाही. तसेच अन्न ६० अंशांखाली उतरण्यापूर्वी खाणे किंवा पुन्हा गरम करणे आवश्यक आहे.

महाविद्यालयीन संदर्भ :

या विषयाचा महाविद्यालयाशी निकटचा संबंध आहे. खेड्यांतून येऊन शहरात खोली घेऊन राहणारे असंख्य विद्यार्थी हाताने स्वयंपाक करतात. नोंदणीशिवाय मिळणाऱ्या पाच किलोच्या सिलिंडरमधील गॅसचा प्रतिकिलो दर घरगुती सिलिंडरपेक्षा अधिक असतो. बेकायदेशीरपणे भरून घेतलेला लहान सिलिंडर तर जिवाला धोकादायक असतो. अशा परिस्थितीत चहा-पाव, मॅगी वा वडापाववर दिवस काढला जातो आणि त्यामागील कारण आळस एवढेच नसते. रात्री भिजविलेली मटकी, एका कुकरातील मूगडाळीची खिचडी, दहा मिनिटांचे पिठले व घरून आणलेली भाजणी एवढ्या भांडवलावर एका शेगडीवर पुरेसा आहार शक्य आहे, हे त्यांना कोणी तरी सांगावयास हवे.

गृहविज्ञान, पदार्थविज्ञान व अर्थशास्त्र या विभागांना एकत्रितपणे हाती घेता येईल असा एक साधा प्रकल्प येथे सुचवावासा वाटतो. पाच किलोचा सिलिंडर संवेदनशील वजनकाट्यावर ठेवून ठरावीक वजनाची डाळ भिजवून व न भिजविता, झाकण ठेवून व न ठेवता, पातेल्यात व कुकरमध्ये शिजवावी व प्रत्येक वेळी खर्च झालेला गॅस ग्रॅममध्ये नोंदवावा. त्यावरून प्रथिनांच्या प्रत्येक ग्रॅममागे डाळ व इंधन यांचा एकत्रित खर्च काढता येईल. अप्रकट उष्मा ही पाठ्यपुस्तकातील संकल्पना विद्यार्थ्याच्या महिन्याच्या खर्चात कशी उतरते, हे यातून प्रत्यक्ष पाहता येईल.

समारोप :

अन्नाची किंमत बाजारात अर्धीच ठरते; उरलेली शेगडीवर ठरते. बाजारभावांवर कुटुंबाचे नियंत्रण नसते. परंतु भिजविणे, झाकणे, आच कमी करणे, डबे रचून शिजविणे व पीठ-भाजणीचा वापर करणे या गोष्टी त्याच्या हातातील आहेत. त्यांसाठी नवे उपकरण घ्यावे लागते असेही नाही. वाचलेल्या गॅसचे मोल केवळ रुपयांत मोजणे अपुरे ठरेल. महिनाअखेरीस ताटात वरण राहिले की नाही, हीच त्याची खरी मोजणी होय.